गुडघा दुखतो? सायकल सोडू नका, बसण्या-उतरण्याची रीत बदला

(शेतकऱ्यांसाठीच्या कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून तुमच्यापैकी काहीजण म्हणतील, "साहेब, तुम्ही खतं, बियाणं, फवारणी सांगणारे. आज गुडघ्यावर कुठं आलात?" विचारणं बरोबर आहे. मी डॉक्टर नाही. पण गावोगाव बैठकांना आणि शिवारफेरीला जाताना एक गोष्ट सारखी दिसते. पन्नाशी-साठी उलटलेला शेतकरी सायकलवर रस्त्यानं ठीक चाललेला असतो. डेअरीपाशी आला, की त्याचा चेहरा बदलतो, कारण आता उतरायचं असतं. उतरताना तो ओठ दाबून धरतो आणि दोन पावलं लंगडतो. काही महिन्यांनी तीच सायकल गोठ्यात भिंतीला टेकून उभी दिसते आणि तिच्यावर कोंबड्या बसलेल्या असतात.

घरोघर मोटारसायकल आली, हे खरं. पण ती मुलाच्या नाहीतर नातवाच्या हातात असते. म्हाताऱ्या माणसाचं स्वतःचं वाहन म्हणजे सायकलच. ती सुटली की पहाटे पाण्याची पाळी बघायला जाणं सुटतं, स्वतःच्या हातानं दूध घालणं सुटतं, बाजार सुटतो. कशालाही "अरे, मला जरा सोडतोस का?" म्हणावं लागतं. शेतावरचं लक्ष कमी होतं. म्हणून हा विषय शेतीचाही आहे.

दुखणं नेमकं कुठं आहे?

बैलगाडीच्या आखाला वंगण नसलं तर चाक कुरकुरतं आणि आख झिजतो. गुडघ्याचंही तसंच आहे. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड जिथं भेटतात तिथं दोन्ही टोकांवर गुळगुळीत कूर्चेचं अस्तर असतं. वय, वजन, जुनी दुखापत, वर्षानुवर्षं उकिडवं बसून केलेली कामं आणि डोक्यावरची ओझी यांनी ते अस्तर झिजत जातं. मग गुडघा दुखतो, आखडतो, कधी सुजतो.

आता मुद्द्याची गोष्ट ऐका. अशा गुडघ्याला सायकल चालवणं सहसा जड जात नाही. सपाट रस्त्यावर सायकल चालवताना शरीराचा बराचसा भार सीटवर असतो. गुडघा फक्त वाकतो आणि सरळ होतो. त्यामुळं पायी चालण्यापेक्षाही पुष्कळांना सायकल सोपी वाटते. मांडीचे स्नायू कामात राहतात, आणि मांडी भक्कम असली की गुडघ्याला आधार मिळतो. सायकल अजिबात सोडून खाटेवर बसलं तर मांडी वाळते आणि गुडघा आणखी दुबळा होतो.

म्हणजे त्रास चालवण्यात कमी आणि चढण्या-उतरण्यात जास्त. आपली सगळ्यांची रीत आठवून बघा. डावा पाय पायडलवर ठेवायचा, उजव्या पायानं दोन-तीन रेटे द्यायचे आणि चालत्या सायकलवर मागून टांग टाकायची. त्या क्षणी सगळं अंग एकट्या डाव्या गुडघ्यावर असतं, आणि वर कमरेतून पीळही बसतो. उतरताना त्याच्या उलट. सायकल चालूच असते, टांग मागं काढायची आणि धावत उडी मारायची. उडी मारताना गुडघ्यावर अंगाच्या वजनाच्या कितीतरी पट दाब येतो. पंचविसाव्या वर्षी गुडघा हे सोसतो, साठाव्या वर्षी सोसत नाही. तेव्हा ही जुनी रीत सोडायची, सायकल सोडायची नाही.

पहिला नियम : भार चांगल्या पायावर

तुमचा कोणता गुडघा जास्त दुखतो, हे आधी ठरवा. दोन्ही दुखत असले तरी एक थोडा बरा असतोच. नियम साधा आहे. जमिनीवर टेकून अंग तोलणारा पाय चांगला असावा, आणि सायकलवरून पलीकडे जाणारा पाय दुखरा असावा. वर जाणाऱ्या पायावर भार नसतो, खाली टेकलेल्या पायावर सगळा भार असतो.

उजवा गुडघा दुखत असेल तर नेहमीप्रमाणे सायकलच्या डाव्या बाजूनं चढा. डावा गुडघा दुखत असेल तर मात्र सवय मोडायची आणि उजव्या बाजूनं चढायचं. सुरुवातीला डाव्या हातानं जेवल्यासारखं वाटेल, पण आठवडाभरात अंगवळणी पडतं. उजव्या बाजूला चेन असते. म्हणून चेनकव्हर नीट बसवून घ्या आणि धोतराचा सोगा किंवा पायजम्याची कड बांधून टाका. आणखी एक खबरदारी. आपण रस्त्याच्या डाव्या कडेनं जातो, त्यामुळं उजव्या बाजूला उभं राहिलं की पाठीमागून वाहनं येतात. तेव्हा आधी सायकल रस्त्यावरून पूर्ण खाली घ्या, मग चढा.

चढण्याची रीत

आता एकेक पायरी सांगतो.

सायकल सपाट आणि कोरड्या जागी उभी करा. चांगल्या पायाच्या बाजूला उभे राहा आणि ब्रेक दाबून धरा, म्हणजे सायकल पुढंमागं सरकणार नाही.

मग सायकल स्वतःच्या अंगाकडे कलती करा. सरळ उभ्या सायकलचा मधला दांडा उंच असतो. सायकल चांगली कलती केली तर तोच दांडा वीतभर खाली येतो. जेवढा दांडा खाली येतो तेवढा पाय कमी उचलावा लागतो.

आता दुखरा पाय पलीकडे न्या. गुडघा वाकत असेल तर सीटच्या पुढून, दांड्यावरून न्या. गुडघा आखडून सरळच राहत असेल तर कॅरिअर मोकळं ठेवून मागून न्या. पाय उचलत नसेल तर एका हातानं ब्रेक धरा आणि दुसऱ्या हातानं पायजमा धरून पाय वर घ्या. त्यात लाज कसली? पाय पलीकडे टेकला की सायकल सरळ करा. दोन्ही पाय जमिनीवर, दांडा मधे, ब्रेक दाबलेला, असे घटकाभर उभे राहा. दम घ्या. चालत्या सायकलवर चढायची घाई नाही.

मग चांगल्या पायाकडचं पायडल उलटं फिरवून सगळ्यात वर आणा आणि तिथून चार बोटं पुढं ठेवा. चांगला पाय त्यावर ठेवा. ब्रेक सोडा, चांगल्या पायानं पायडल दाबा आणि त्याच दाबानं उठून सीटवर बसा. दुखऱ्या पायाला काम एवढंच, की जमीन सोडून आपल्या पायडलवर जाऊन बसायचं. रेटा त्यानं द्यायचा नाही.

उतरण्याची रीत

उतरण्याचा विचार उतरायच्या आधी वीस-पंचवीस पावलं करा. पायडल मारणं थांबवा. दोन्ही ब्रेक हळूहळू लावा. दुखऱ्या पायाचं पायडल खाली येऊ द्या, म्हणजे तो पाय जवळजवळ सरळ राहील. त्यावर उभे राहू नका, अंग सीटवरच राहू द्या.

सायकल थांबत आली की चांगल्या पायाच्या बाजूला किंचित कलती करा आणि तो पाय जमिनीवर टेका. सायकल पूर्ण थांबली की ब्रेक दाबलेला ठेवून सीटवरून पुढं सरका आणि दांड्यावर दोन्ही पाय टेकून उभे राहा. मग पुन्हा सायकल अंगाकडे कलती करा आणि दुखरा पाय अलीकडे काढा.

पाय जमिनीत रोवून अंग पिळू नका. वळायचं असेल तर लहान लहान पावलं टाकून वळा. दुखऱ्या गुडघ्याला ओझ्यापेक्षाही पीळ जास्त बाधतो.

ओट्याचा उपयोग करा

या सगळ्यात सोपा उपाय म्हणजे उंचवटा. घराचा ओटा, देवळाची पायरी, पाराची कड, पुलाचा कठडा नव्हे तर त्याच्या बाजूचा बुटका चौथरा, असं काहीही चालेल. उंची जिन्याच्या एका पायरीएवढी, म्हणजे सहा-सात इंच पुरे. सायकल खाली, उंचवट्याला लागून उभी करा. तुम्ही वर उभे राहा. तुम्ही उंच झालात म्हणजे सायकल तेवढी बुटकी झाली. पाय सहज पलीकडे जातो. उतरतानाही उंचवट्याशेजारी थांबून चांगला पाय त्यावर टेका. उंचवटा चांगल्या पायाच्या बाजूला येईल अशा बेतानं सायकल लावा. शेताचा बांध भुसभुशीत असेल तर त्याच्यावर भरवसा ठेवू नका, पाय खचेल.

इथं गावानं मिळून करण्यासारखं एक काम आहे. दूध संस्थेच्या दारात, दवाखान्यासमोर आणि बाजाराच्या तोंडाशी दोन-तीन हात लांबीची एकेक पक्की पायरी बांधून घ्या. वर खडबडीत गिलावा ठेवा, म्हणजे पावसाळ्यात पाय घसरणार नाही. शेजारी हात धरायला एक लोखंडी नळी रोवा. थोड्या विटा, थोडं सिमेंट आणि गवंड्याचं थोडं काम, एवढाच खर्च. ग्रामसभेत हा विषय मांडा. म्हाताऱ्या माणसांना आणि बाळंतिणीला रिक्षात चढतानाही तीच पायरी कामाला येईल.

सीटची उंची आणि सायकलची डागडुजी

पुष्कळजण काय करतात, गुडघा दुखायला लागला की सीट अगदी खाली करतात, म्हणजे दोन्ही पाय जमिनीला लागतात. चढायला-उतरायला बरं वाटतं. पण चालवताना गुडघा फार वाकतो, आणि वाटीच्या मागं दुखायला लागतं. म्हणजे उतरण्याचं दुखणं वाचवलं आणि मैलभराचं दुखणं विकत घेतलं.

सीटची उंची अशी ठरवा. एकाला सायकल धरायला सांगा आणि सीटवर बसा. पायडल सगळ्यात खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. टाच ठेवल्यावर पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवला की गुडघ्यात थोडा वाक राहतो. ही उंची बरोबर. भीती वाटत असेल तर पहिले पंधरा दिवस सीट एक-दोन बोटं खाली ठेवा, त्यापेक्षा जास्त नको. सीट वर घेताना नळीचा किमान अडीच इंच भाग आत राहिला पाहिजे आणि बोल्ट पान्यानं घट्ट आवळला पाहिजे.

दुसरं, ब्रेक. ब्रेक लागत नसला की माणूस पाय घासत थांबतो नाहीतर उडी मारतो. म्हणून गुडघ्याचं पहिलं औषध सायकलच्या दुकानात आहे, असं मी म्हणतो. ब्रेकचे रबर झिजले असतील तर बदला. पायडलचे रबर गुळगुळीत झाले असतील तर तेही बदला, चिखलाचा पाय घसरतो. चाकात हवा भरपूर ठेवा, चेनला तेल द्या. हवा कमी आणि चेन कोरडी असली की प्रत्येक फेऱ्याला गुडघ्यावर जास्त जोर येतो. चढाचा रस्ता असेल तर मागची फ्रीव्हील जास्त दात्यांची बसवून घ्या. सायकल थोडी हळू जाईल, पण पायडल हलकं होईल. उभा चढ किंवा समोरून वारा असेल तर सरळ उतरून चाला.

ओझं कुठं बांधायचं?

कॅरिअरवर उंच भारा बांधला की मागून टांग टाकता येत नाही. आणि ओझ्याची सायकल फार कलती केली तर ती अंगावरच येते. म्हणून ओझं खाली आणि दोन्ही बाजूंना सारखं ठेवा. दुधाच्या दोन किटल्या असतील तर दोहोंत दूध सारखं घाला. हँडलला जड पिशवी अडकवू नका, पुढचं चाक भलतीकडे वळतं. भारा मोठा असेल तर दोन खेपा करा नाहीतर सायकल हातानं ढकलत न्या. ओझ्याच्या सायकलवर चढायचं ते ओट्यावरूनच, असा नेमच करा.

एका गावात साठी ओलांडलेले एक आबा रोज सकाळ-संध्याकाळ दूध घालायला सायकलवर जात. डावा गुडघा धरला. नातू म्हणाला, "आबा, उद्यापासून तुम्ही नका जाऊ. मी गाडीवर टाकून येतो." पंधरा दिवस नातवानं नेलं. पोरगा कॉलेजचा, कधी उशीर, कधी विसर. दोनदा दूध नासलं. फॅट किती लागला हे विचारायचं त्याच्या ध्यानात राहत नसे. आबा मला म्हणाले, "साहेब, दूध घरचं, म्हैस घरची, पण हिशेब आता मला लोकांकडनं कळतो." मी त्यांना उजव्या बाजूनं चढायला सांगितलं. किटल्या दोन्ही बाजूंना खाली टांगल्या. डेअरीच्या ओट्याशी उतरायचं ठरवलं. सुरुवातीचे आठ दिवस नातू कॅरिअर धरून उभा राहायचा. नंतर त्याची गरज राहिली नाही. गुडघा अजून दुखतो, तो काही नवा झाला नाही. पण दूध आबाच घालतात आणि पावतीही त्यांच्याच खिशात असते.

सायकल बदलायची असेल तर

दोन्ही गुडघे फारच आखडले असतील तर मधला दांडा खाली वळवलेली, जिला आपण लेडीज सायकल म्हणतो ती घ्या. पाय उचलून टाकावा लागत नाही, पुढून नुसता पलीकडे न्यायचा. "लोक काय म्हणतील" या भीतीनं पुरुषमंडळी ही सायकल घेत नाहीत. पण जरा विचार करा. पूर्वी सायकलचं पुढचं चाक छातीएवढं उंच असायचं आणि चढणारा पडला की डोकंच फुटायचं. 1885 साली इंग्लंडातल्या कॉव्हेंट्री गावात जॉन केम्प स्टार्ली यानं जवळजवळ सारख्या चाकांची, मागच्या चाकाला चेन असलेली बुटकी सायकल बाजारात आणली, आणि माणसाचे पाय जमिनीला लागले. आज आपण चालवतो ती सायकल त्याच जातीची. माणसाच्या सोयीसाठी यंत्र बदलतं, यंत्रासाठी गुडघे मोडायचे नसतात.

भगिनींनी ही सायकल घेताना मागच्या चाकाला जाळी लावून घ्यावी आणि पदर, ओचा खोचून घ्यावा.

दांड्याचीच सायकल हवी असेल तर उंची बघून घ्या. 24 इंची फ्रेम उंच माणसासाठी असते, मध्यम बांध्याच्या माणसाला 22 इंची बरी. दांड्यावर पाय टाकून उभं राहिल्यावर जांघेत आणि दांड्यात निदान दोन बोटं जागा राहिली पाहिजे.

रोजचा थोडा व्यायाम

सकाळी उठल्याबरोबर सायकलवर चढू नका. आधी अंगणात चार फेऱ्या मारा. खाटेवर बसून एक पाय समोर सरळ करा, पाच आकडे मोजेपर्यंत ताठ धरा, मग खाली सोडा. असं दहा वेळा, दोन्ही पायांनी. दुसरा व्यायाम, पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली पंच्याची गुंडाळी ठेवा आणि गुडघ्यानं ती खाली दाबा. पाच मोजा, सोडा. हेही दहा वेळा. यानं मांडी भक्कम होते.

वजन जास्त असेल तर थोडं उतरवा. अंगाचं एक किलो वजन उतरलं तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा दाब सुमारे चार किलोनं कमी होतो. पाच किलो उतरले तर किती, याचा हिशेब तुम्हीच करा.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

गुडघा लाल, गरम आणि टरटरून सुजला असेल, सोबत ताप असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. गुडघा मधेच अडकत असेल, चालताना दगा देत असेल, पडल्यावर पाय टेकवत नसेल, पोटरी सुजून दुखत असेल किंवा सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकत असेल, तरी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून रोज घेऊ नका, पोटाला आणि मूत्रपिंडाला अपाय होतो. कोणी अनोळखी माणूस "एक सुई, गुडघा बरा" म्हणाला तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

थोडक्यात लक्षात ठेवा

1. चालत्या सायकलवर चढणं-उतरणं बंद.
2. चांगला पाय जमिनीवर, दुखरा पाय पलीकडे.
3. ब्रेक दाबा, सायकल अंगाकडे कलती करा, मगच पाय टाका.
4. ओट्याचा, पायरीचा आधार घ्या.
5. टाच पायडलवर ठेवून सीटची उंची ठरवा.
6. ओझं खाली आणि दोन्ही बाजूंना सारखं.
7. ब्रेक, हवा आणि तेल दर आठवड्याला बघा.
8. नवी रीत आधी अंगणात शिका, कॅरिअर धरायला घरचा माणूस घ्या.

मंडळी, बैल लंगडायला लागला तर आपण त्याला लगेच दावणीला कायमचा बांधत नाही. खूर बघतो, जू सैल करतो, ओझं कमी करतो आणि त्याच्याकडून झेपेल तेवढं काम घेतो. स्वतःच्या गुडघ्याला निदान तेवढी तरी वागणूक द्या. उद्या सकाळी सायकल गोठ्यातून बाहेर काढा, पुसा, हवा भरा आणि ओट्याला लावून बघा.